दोन द्रवांमधील सीमा

पेल्यातील पाण्यावर बर्फाचा खडा तरंगतो, तेव्हा घन कोठे संपते आणि द्रव कोठे सुरू होते, हे आपण बोटाने दाखवू शकतो. परंतु एकाच पदार्थाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंस द्रवच असेल तर?

सन १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिख रायनित्सर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ जणू दोनदा वितळताना आढळला. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तोच द्रव नितळ झाला. ऑटो लेहमान यांनी ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो गढूळ द्रव वाहत होता, तरीही प्रकाशावर स्फटिकासारखा परिणाम करीत होता. गुस्टाव्ह टामान यांना हे पटले नाही. दुधात स्निग्धांशाचे कण विखुरलेले असतात, तसे हे केवळ मिश्रण असावे, असे त्यांचे मत होते. मात्र पदार्थ शुद्ध केल्यावरही गढूळपणा गेला नाही, आणि नितळ होण्याचे तापमानही ठरलेलेच राहिले. ही निराळी अवस्थाच होती. तिलाच आपण द्रव स्फटिक म्हणतो.

तिच्या नेमॅटिक या सर्वांत साध्या प्रकारात लांबट रेणू साधारणपणे एकाच दिशेस कललेले असतात. नितळ द्रवात ही शिस्त नसते. प्रयोगशाळेत नित्य वापरला जाणारा '५सीबी' हा पदार्थ सुमारे ३५ अंशांना नितळ होतो. तो सावकाश थंड केला की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर तेजस्वी थेंब उगवतात. थेंबाची कड रेघेसारखी भासते. वस्तुतः तो काही रेणूंच्या लांबीएवढा पट्टा असतो आणि त्यात शिस्त क्रमाक्रमाने मावळते. दोन्ही अवस्था परस्परांच्या इतक्या जवळच्या, की या सीमेचा पृष्ठताण पाण्याच्या पृष्ठताणाहून हजारो पटींनी कमी असतो. तरीही ही दुबळी सीमा आपल्यालगतच्या रेणूंना ठरावीक कोनात कलावयास लावते, आणि थेंबातील रचनेवर तिचा प्रभाव पडतो. गणकयंत्राच्या पडद्यात हेच काम काचेचा संस्कारित पृष्ठभाग करतो.

टामान यांचे मत टिकले नाही. परंतु अशा शंकांना उत्तर देताना द्रव स्फटिकाची कसून परीक्षा झाली. वर्गात शंका विचारताना संकोचणाऱ्या मुलास आम्ही ही हकीकत आवर्जून सांगतो.