झडप केव्हा उघडावी?

मुलांनो, अम्मी कुकर लावते तेव्हा शिट्टी होते आणि वाफ बाहेर पडते. शिट्टीची वाट तुंबली तर? त्यासाठी झाकणावर आणखी एक सुरक्षा-झडप असते. धोका वाढला, की ती वाफेला वाट देते.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरण पाहा. ते 103 मीटर उंच आहे. त्याला सहा दरवाजे आहेत. पावसाळ्यात जलाशय भरत आला, की दरवाजे उचलून पाणी सोडतात. ते कऱ्हाडला कृष्णेत मिळते आणि सांगलीला पोहोचते. दरवाजे फार लवकर उघडले, तर उन्हाळ्यात पाणी कमी पडेल. फार उशिरा उघडले, तर एकदम खूप पाणी सोडावे लागेल. नदीकाठच्या लोकांना त्याची भीती वाटते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर चढले होते.

जो प्रश्न एवढ्या मोठ्या धरणाचा, तोच एका लहानशा झडपेचा आहे. काही पाणबुडे 'रीब्रीदर' नावाचे उपकरण वापरतात. पाणबुड्याचा उच्छ्वास एका पिशवीत जातो. त्यातील कार्बन डायऑक्साइड रसायन शोषून घेते. नवा प्राणवायू मिसळतो आणि तीच हवा पुन्हा श्वासात येते.

सुमारे 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. म्हणून तेथील एक लिटर हवा वर येईपर्यंत दोन लिटर होते. पिशवी फुगते. वाट मिळाली नाही, तर फुफ्फुसांना इजा होते. म्हणून पिशवीला स्प्रिंगची झडप बसवतात.

ही झडप बनवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. स्प्रिंग फार नरम असेल, तर कामाची हवा वाया जाते. फार कडक असेल, तर झडप उशिरा उघडते. तोंड अरुंद असेल, तर हवा वेगाने बाहेर पडत नाही. शिवाय हवा बाहेर जावी, पण पाणी आत येऊ नये!

तेव्हा, मुलांनो, कुकरची सुरक्षा-झडप बिघडली तर चिंधी किंवा तार लावून ती कधीही बंद करू नका. घरातल्या मोठ्यांना सांगून नवी बसवून घ्या. दाबाला वेळेवर वाट द्यावी, यातच शहाणपण आहे.

स्वाध्याय
1. पाणबुडा वर येताना पिशवी का फुगते?
2. धरणाचा दरवाजा आणि झडप यांत कोणते साम्य आहे?
3. तुमच्या घरातील कुकरची सुरक्षा-झडप पाहा आणि तिच्याविषयी चार वाक्ये लिहा.