‘सर्वानुमते मंजूर’ म्हणण्याआधी

महाविद्यालयात समाजमानसशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि वर्गात शिकवलेलं सगळं सभेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसलं. चारचौघांत माणूस आपलं मत का गिळतो, याबद्दल दोन्हीकडे मिळून जे शिकले, ते असं.

१. मान डोलवायला माणूस अडाणी असावा लागत नाही.
सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; पहिलीएवढी लांब कोणती, ते सांगायचं. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादं उत्तरही क्वचितच चुकायचं. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशना सामील होते. ठरलेल्या फेऱ्यांत ते एकमुखानं चुकीची रेघ सांगत. अशा फेऱ्यांत खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरं त्या चुकीच्या बहुमताच्या बाजूनं गेली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. कॉलेजात शिकणारी मुलं, डोळ्यांसमोरच्या रेघा, शिक्षा नाही की बक्षीस नाही, तरीही.

२. ‘मला कळत नाही’ आणि ‘मला वाईटपणा नको’ ही दोन वेगळी दुखणी आहेत.
मॉर्टन डॉइश आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये हा फरक मांडला. कधी आपल्याला खरंच माहीत नसतं, म्हणून आपण इतरांकडे बघतो. परक्या गावच्या देवळात शिरल्यावर प्रदक्षिणा कुठून सुरू करायची, ते पुढच्याचं बघूनच ठरवतो. कधी मात्र सगळं कळत असतं, पण चार लोक काय म्हणतील याची धास्ती असते. लग्नातला मानपान दोन्हीकडच्या मंडळींना नको असतो आणि तरी दोन्हीकडून होतो, तो याच धास्तीपायी. पहिल्या दुखण्यावर माहिती हा उपाय आहे. दुसऱ्यावर कितीही माहितीपत्रकं वाटा, उपयोग शून्य.

३. मान तुकवायला लावण्यासाठी झुंड लागत नाही, तिघं पुरतात.
ॲशच्या प्रयोगात समोर एकच विरोधक असला तर माणूस जवळजवळ ढळत नसे. दोघं झाले की डळमळे. तिघं झाले की दाब बहुतेक पुरा होई. त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नसे. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हे दरवर्षी दिसतं. ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत लोकांचं लक्ष बटाटेवड्यांकडे लागलेलं असतं. रंगकामाचं दरपत्रक वाचून होतं न होतं, तोच पुढच्या रांगेतले दोघं-तिघं ‘मंजूर, मंजूर!’ म्हणतात. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो. मागे कुणीतरी अर्धा हात वर केलेला असतो. तो तसाच डोक्यावर नेऊन केस सारखे करतो. इतिवृत्तात लिहिलं जातं, ‘सर्वानुमते’. आणि खरी सभा नंतर जिन्यात भरते.

४. एक सोबती मिळाला की कणा ताठ होतो.
ॲशनं खोलीत खरं उत्तर देणारा एकच माणूस बसवला, तर मान तुकवणं जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. लिफ्टच्या कंत्राटाच्या वेळी आमच्याकडे असंच झालं. तळमजल्यावरच्या आजी उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “मला लिफ्ट लागत नाही, पण पैसे लागतात. तिन्ही दरपत्रकं वाचा बघू.” मग मागून एकामागून एक हात वर झाले. आजींनी कुणाला पटवलं नव्हतं; प्रत्येकाला आपण एकटे नाही एवढं कळलं होतं.

५. धैर्याचे धडे देण्यापेक्षा विचारण्याची पद्धत बदला.
ॲशच्या प्रयोगात उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहू दिलं, तेव्हा बहुमताच्या मागे जाणं खूपच घटलं. वर्गात “समजलं का?” विचारलं की लांबलचक “होऽऽ” यायचा. मग मी बिननावाच्या चिठ्ठ्या मागवू लागले. टेबलावर शंकांचा ढीग पडायचा. त्यात पुढच्या बाकावरची हुशार अक्षरंही ओळखू यायची. सोसायटीतही वादाचा विषय असला की आता आधी चिठ्ठ्या, मग चर्चा. वेळ जास्त लागतो, पण त्या विषयांपुरती तरी जिन्यातली सभा बंद झाली.

६. निष्कर्षाची दुसरी बाजूही सांगावी.
ॲशच्या त्याच प्रयोगात जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती आणि सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत. ‘माणूस म्हणजे मेंढरू’ हा त्याचा अर्थ नव्हेच. शिवाय सगळं अनुकरण वाईट नसतं. मुंबईत बसथांब्यावर कुणी न सांगता रांग लागते, तीही इतरांकडे बघूनच.

७. वेगळ्या मताची किंमत खरोखर मोजावी लागते.
समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली गेली. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. सर्ज मोस्कोव्हिसी यांच्या १९६९ च्या प्रयोगातही दिसलं, की मूठभरांचं म्हणणं बहुमतावर थोडाफार परिणाम करतं, पण ते सातत्यानं तेच सांगत राहिले तरच. म्हणून गप्प बसणाऱ्याला मी भित्रा म्हणत नाही. त्यानं मनात हिशेब केलेला असतो आणि त्याला तो परवडलेला नसतो.

तो परवडेल असं करणं आपल्या हाती आहे. पुढच्या सभेत अध्यक्ष असाल, तर आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगा. सभासद असाल आणि पटलं नसेल, तर विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा. आणि दुसरं कुणी उठून ‘नाही’ म्हणालं, तर ते तुम्हाला पटो न पटो, “त्यांना बोलू द्या” एवढं तरी मोठ्यानं म्हणा.