मदतपुस्तिका साताऱ्यात का उघडत नाही?

प्रश्न : हळदीच्या अडतीसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. सोबतची सीएचएम मदतपुस्तिका साताऱ्यातल्या ग्राहकाच्या उबंटूवर उघडत नाही. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सीएचएम हा मायक्रोसॉफ्टचा १९९७ मधला प्रकार, तो आता सोडाच. डाउनलोड केलेली अशी फाइल खुद्द विंडोजही अनेकदा अडवते, पानं कोरी दिसतात. साध्या एचटीएमएल पानांची झिप द्या. ती उलगडली की पानं कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतात. फाइलींची नावं मात्र लहान इंग्रजी अक्षरांतच ठेवा. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत सहसा फरक करत नाही, लिनक्स करतं. तिथेच चित्रं गायब होतात. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधून काढून युनिकोडमध्ये आणा, यूटीएफ-८ म्हणून जतन करा. आणि ग्राहकाला पाठवण्याआधी उबंटूवर स्वतः उघडून पाहा.