नंबर कडेचा, फलाट जमिनीचा

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून आखायच्या खुल्या नकाशावर, खातं उघडलंस आणि पहिलंच काम दादर स्टेशनचं घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. बरीच वर्षं स्टेशनं आखताना, खोडताना जे उमगलं, ते तुला सांगतो. गाठीशी ठेव.

आधी चाल, मग आख. उपग्रहाच्या चित्रात फलाट दिसत नाही, त्यावरची शेड दिसते. शेडच्या कडेने रेघ ओढलीस तर फलाट थेट रुळांवर चढतो. आपल्या ब्रॉडगेज रुळांच्या मध्यरेषेपासून फलाटाची कड सुमारे १.६७ मीटरवर असते. तेवढी जागा नकाशातही सुटायला हवी. शेडची दोन्ही टोकं कुठे संपतात आणि उघडा फलाट पुढे किती जातो, हे पायांनीच कळतं. शेड वेगळी आखायची, छप्पर म्हणून. आणि एखाद्या कंपनीच्या नकाशात बघून काहीही उतरवायचं नाही. तो माल त्यांचा आहे, आपल्या नकाशात तो चालत नाही.

नंबर कडेचा, फलाट जमिनीचा. नवे लोक इथेच चुकतात. दोन रुळांच्या मधला फलाट जमिनीवर एकच असतो, पण त्याच्या दोन कडांना दोन नंबर असतात. म्हणून दोन नंबर दिसले की दोन फलाट काढायचे नाहीत. एकच बंद आकृती काढ, तिला ‘रेल्वे=प्लॅटफॉर्म’ हा टॅग, म्हणजे ती आकृती काय आहे ते सांगणारी चिठ्ठी, लाव आणि ‘रेफ’ या नंबराच्या टॅगमध्ये दोन्ही नंबर मध्ये अर्धविराम देऊन लिही. कुठली कड कुठल्या नंबराची, हे दाखवायला प्रत्येक कडेवर ‘प्लॅटफॉर्म एज’ची वेगळी रेघ ओढ आणि तिचा एकच नंबर तिच्यावर लिही. नंबर ‘नेम’मध्ये कोंबू नकोस, ती जागा नावाची आहे. फलकावर जे असेल तेच लिहायचं. कल्याणला ‘१ ए’ आहे, तर ‘१ ए’च, आपल्या सोयीने त्याचा २ करायचा नाही.

नंबर बदलतो, हे विसरू नकोस. तुझ्या दादरलाच बघ. पश्चिम रेल्वेचा एक नंबर आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर, त्यामुळे नवखा माणूस पुलावर गोंधळून उभा राहायचा. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. जुना एक नंबर आठ झाला. पण रोजच्या प्रवाशाच्या तोंडी जुना नंबर बरेच दिवस राहतो, म्हणून तो पुसून टाकण्यापेक्षा ‘ओल्ड रेफ’मध्ये ठेव. शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिना. फलाट कितीही सुबक काढलास आणि जिना त्याला जोडला नाहीस, तर वाट सांगणाऱ्या ॲपच्या दृष्टीने तो फलाट म्हणजे बेट. जिना आणि फलाट यांचा एक बिंदू सामाईक हवा. बरीचशी ॲप आकृतीच्या आतून वाट काढत नाहीत, कडेकडेनेच काढतात. म्हणून जिना फलाटाच्या मधोमध उतरत असेल तर त्याच्या पायथ्यापासून कडेपर्यंत पायवाटेची रेघ ओढ. पादचारी पूल मात्र वरून जातो. त्याला वरचा ‘लेयर’, म्हणजे थर, दे आणि खालच्या रुळांशी किंवा फलाटाशी तो चुकूनही जोडू नकोस. नाहीतर ॲप माणसाला पुलावरून थेट रुळांवर उतरवेल.

साधा जिना, सरकता जिना, लिफ्ट आणि रॅम्प वेगवेगळे नोंदव, जिन्याची रुंदीही मोजून लिही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. नकाशाने जिना रुंद होत नाही, हे मला कळतं. पण कुठला जिना किती अरुंद आहे आणि दुसरी वाट कुठे आहे, हे उघड्यावर लिहिलेलं असणं ही लहान गोष्ट नव्हे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर लिफ्ट कुठल्या फलाटावर आहे, हे घरातून निघण्याआधीच कळायला हवं.

शेवटचं, दुसऱ्याचं काम सांभाळ. एकाच फलाटावर ‘रेल्वे=प्लॅटफॉर्म’ आणि ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट=प्लॅटफॉर्म’ असे दोन टॅग दिसतील. दुसरी पद्धत २०११ मध्ये मंजूर झाली, पहिली त्याआधीची. दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून एक चुकीचा समजून काढू नकोस. आधीच्या माणसाची आकृती पुसून नवी काढण्यापेक्षा तीच सरळ कर, म्हणजे तिचा इतिहास टिकतो. आणि बदल जतन करताना काय बदललं, कशावरून बदललं, ते एका ओळीत लिही.

येत्या रविवारी दुपारी, गर्दी कमी असताना, दादरला जा. प्रत्येक फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल, प्रत्येक जिना चढून उतर. मग घरी येऊन पहिली रेघ ओढ.