आज्ञा लिहून खेळायचे खेळ

मित्रांनो, आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

मोबाईलवरचा खेळ म्हटला की घरात पहिले वाक्य येते, "ठेव तो आधी!" मोठ्यांचे काही अगदीच चूक नाही. बहुतेक खेळांत बोट जितके चपळ तितके गुण जास्त. पण काही व्हिडिओ गेम असे आहेत की त्यांत बोटे नाचवून काहीच होत नाही. आधी विचार करायचा, आज्ञा क्रमाने लिहायच्या, आणि मग हात मागे घेऊन नुसते बघत बसायचे. आपला गडी लिहिल्याप्रमाणे चालतो. मनातले त्याला कळत नाही, लिहिलेले तेवढे कळते. अशा आज्ञांच्या यादीला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात.

हे खेळ कालपरवाचे नाहीत. 1981 साली अमेरिकेत 'रोबोटवॉर' नावाचा खेळ निघाला. त्यात दोघे-तिघे आपापल्या यंत्रमानवासाठी आज्ञावली लिहीत आणि मग त्यांची लढाई लागे. लढाई सुरू झाली की खेळणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही. पण लढाईपेक्षा शेतीचा खेळ आपल्या जास्त ओळखीचा, म्हणून तोच नीट सांगतो.

2023 साली 'द फार्मर वॉज रिप्लेस्ड' हा खेळ आला. नावाचा अर्थ, शेतकऱ्याच्या जागी दुसरे कोणी आले. कोण आले? एक ड्रोन. सुरुवातीला त्याच्याकडे एकच चौकोन जमीन असते. त्याला "काप" असे लिहून दिले की तो गवत कापतो. पुन्हा पुन्हा "काप" लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून "हेच करत राहा" अशी आज्ञा मिळते. पण आता वेगळीच पंचाईत! गवत वाढले नसले तरी तो कापतो आणि हाती काही येत नाही. मग लिहावे लागते, "जर तयार झाले असेल, तर काप." खऱ्या आज्ञा मात्र इंग्रजीत असतात, एवढे लक्षात ठेवा.

पुढे गाजर येते. त्याला आधी जमीन नांगरावी लागते. झाडे एकमेकांना चिकटून लावली तर सावकाश वाढतात, म्हणून एक चौकोन सोडून एक अशी लावायची. भोपळे शेजारी शेजारी पूर्ण वाढले तर मिळून एकच मोठा भोपळा होतो, पण मधला एखादा मेला की सगळे अडते. मग ड्रोनने पुन्हा फेरी मारून मेलेल्या जागी नवा लावायचा. हे सगळे लिहून ठेवायचे बरं का, आयत्या वेळी ओरडून सांगायचे नाही. खरी शेती एवढी सोपी नसते हे आपल्याला ठाऊक आहे. त्या खेळात पाऊस नाही की बांध फुटत नाही. पण कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कशावर अवलंबून, हे त्यात नक्की कळते.

'जर-तर' आपल्याकडे नवे नाही. पेणच्या खारेपाटात बांधाला उघाडी असते. खाडीला भरती आली की पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटी लागली की शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. जर भरती तर बंद, जर ओहोटी तर चालू. ती झडप लावणाऱ्यांनी हा विचार संगणकाच्या कितीतरी आधी केला होता.

दुसरी युक्ती साच्याची. 'लाइटबॉट' या 2008 सालच्या खेळात छोट्या यंत्रमानवाला ठरावीक चौकोनांवर दिवे लावायचे असतात, पण आज्ञा लिहायला जागा थोडीच मिळते. मग जे काम पुन्हा पुन्हा येते ते एकदाच वेगळे लिहून ठेवायचे आणि हवे तेव्हा त्याचे नाव घ्यायचे. पेणच्या गणपती कारखान्यांत हेच चालते. मूर्तीचा साचा एकदा नीट केला की त्यातून कितीतरी मूर्ती निघतात. साच्यात खोट राहिली तर प्रत्येक मूर्तीत तीच खोट! डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते, ती साच्याला जमत नाही.

या खेळांच्या आधीची गोष्ट कासवाची. 1967 साली अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा केली. पुढे त्यात कासव आले. "पुढे 100, उजवीकडे 90" असे चार वेळा सांगितले की कासव चौरस काढते. आता त्रिकोण काढा पाहू. पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, म्हणून सगळे "उजवीकडे 60" लिहितात. तीन वेळा चालून कासव भलतीकडेच जाऊन थांबते. सहा वेळा चालवले तर षटकोन होतो! कारण कासव आतला कोन मोजत नाही, आपण किती वळलो ते मोजते. त्रिकोणाला त्याने 120 अंश वळले पाहिजे. चुकले म्हणून इथे कोणी छडी उगारत नाही. चित्र समोर दिसते, आपण एक आकडा बदलतो आणि पुन्हा चालवतो.

हे कासव आपल्या जिल्ह्यात येऊन गेले आहे. 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान संगणक मिळाले. 'प्रत्येक मुलाला एक संगणक' या जागतिक योजनेचा भारतातला तो सुरुवातीचा प्रयोग. त्या संगणकांसाठी 'टर्टल आर्ट' हा कासवाचाच खेळ होता. शब्दांचे ठोकळे एकाखाली एक जोडायचे की कासव चित्र काढते.

"आमच्याकडे संगणक कुठे आहे?" असे कोणी विचारील. संगणक नसला तरी अडत नाही. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली 'सीएस पाठशाळा' हा उपक्रम सुरू केला, त्यातले बरेच पाठ विनासंगणक आहेत. आमच्या वर्गाने पटांगणात चुन्याने चौकटी आखल्या. एकाचे डोळे बांधून त्याला यंत्रमानव केले. आज्ञा आधी कागदावर लिहायच्या, वाचणाऱ्याने आपल्या पदरचे काही घालायचे नाही, असा नियम. एका गटाने "पुढे जा" एवढेच लिहिले, किती पावले ते नाही. यंत्रमानव थेट पाण्याच्या टाकीकडे निघाला! सगळे हसले. त्या गटाने कागद परत घेतला आणि "3 पावले" असे लिहून दिले. एक पालक म्हणाले, "लावणीला नवा गडी आला की त्यालाही असंच सांगावं लागतं." फरक इतकाच की तो गडी टाकी दिसली की आपणहून थांबतो.

आता तुमच्यासाठी कोडे. उभे 4 आणि आडवे 4, असे 16 चौकोनांचे शेत आहे. कडेच्या 12 चौकोनांत भेंडी लावायची, मधले 4 मोकळे ठेवायचे. गडी खालच्या डाव्या कोपऱ्यात वर तोंड करून उभा आहे. त्याला "पेर", "पुढे 1" आणि "उजवीकडे वळ" एवढेच कळते, शिवाय "हे इतक्या वेळा कर" असे सांगता येते. कमीत कमी ओळींत आज्ञावली लिहा आणि कागदावर नाव-इयत्ता घालून खालच्या खोक्यात टाका. पालकांनीही टाकावी. उत्तर पुढच्या अंकात.