स्टीफन हिस्लॉप : शिकविणारा व शिकणारा सेवक
वाचन : नीतिसूत्रे २:१-६

नागपुरातील हिस्लॉप कॉलेजाचे नाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्यावरून ते पडले तो मनुष्य कोण होता, हे थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून ह्या पाठात आम्ही त्याचे चरित्र घेत आहो.

रे. स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म इ. स. १८१७ त स्कॉटलंडातील डन्स गावी झाला. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभेकडून कारभार चालविणाऱ्या मंडळीचे पाळक होते. इ. स. १८४५ त ते नागपुरास आले. त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. इ. स. १८४६ त त्यांनी शाळा उघडली. हीच शाळा पुढे वाढत गेली व इ. स. १८८३ त तिच्यातून कॉलेज झाले. ते पाहावयास हिस्लॉप जिवंत नव्हते. बी एकाने पेरावे व पीक दुसऱ्याने पाहावे, असे विद्येच्या शेतात नेहमीच घडते.

परंतु ते केवळ शिकविणारे नव्हते. आपले सोबती रे. रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह त्यांनी नागपुराभोवतालचे दगड तपासले, व त्यांत प्राचीन काळच्या वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष शोधून काढले. गोंड व कोलाम लोकांच्या भाषांतील शब्द त्यांनी टिपून घेतले. गोंडांचे लिंगोविषयीचे दीर्घ गीतही लिहून ठेविले. हे कागद सर रिचर्ड टेंपल ह्यांनी इ. स. १८६६ त छापून प्रसिद्ध केले.

ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना ते ओढ्याच्या पुरात सापडून बुडाले. तेव्हा त्यांच्या वयाची ४६ वर्षेही पुरी झाली नव्हती. पावसाळ्यातील नाला कसा अकस्मात चढतो, हे आपणांस सांगावयास नको.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली आईबापांकरिता. कापूस वेचणीच्या दिवसांत आपण मुलांस शाळेतून काढतो; चार दिवसांची मजुरी दिसते, परंतु बुडालेला पाठ दिसत नाही. मजुरीची निकड आम्ही जाणतो. तरी वेचणी सरताच मूल पुन्हा शाळेत गेले की नाही, हे मंडळीच्या वडिलांनी घरोघर जाऊन पाहावे.

दुसरी गोष्ट उपदेशकांकरिता, व ती आम्ही प्रथम स्वतःस सांगतो. आम्ही सेमिनरीत ग्रीक शब्द पाठ केले, परंतु पोडावरील कोलाम शेजारी पाण्यास व भाकरीस काय म्हणतो, हे कितीजणांनी विचारले? ज्याचे आपण ऐकत नाही, तो आपले का ऐकेल?

प्रश्न
१. आपल्या गावातील कोणते मूल शाळा सोडून बसले आहे, व का?
२. ह्या आठवड्यात आपण कोणत्या शेजाऱ्यापासून काय शिकाल?