एल्फिन्स्टन साहेबांची वकिली

आपल्या शहरांतील क्रांती चौकास पूर्वीं काळा चबुतरा म्हणत. सन १८५७ मध्यें हैदराबाद कंटिंजंटच्या ज्या घोडेस्वारांनीं येथें बंड केलें, त्यांपैकीं कित्येकांस या जागीं देहांत शासन झालें, असें सांगतात. या फौजेचा खर्च निजामाच्या मुलखांतून होई. हुकूम मात्र इंग्रजांचा चाले. असें कसें घडलें, या प्रश्नाचें उत्तर देशी दरबारांत राहणाऱ्या इंग्रज वकिलांच्या, म्हणजे रेसिडेंटांच्या, कामगिरींत सांपडतें. त्यांपैकीं एकाची कारकीर्द आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा जन्म १७७९ सालीं झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं ते कलकत्त्यास उतरले. १८०३ च्या सप्टेंबरांत आपल्या शहराच्या ईशान्येस असई येथें मोठी लढाई झाली, तेव्हां ते सेनापति वेलस्ली यांच्याजवळ होते. पुढें १८०४ पासून ते नागपुरास भोंसल्यांच्या दरबारीं राहिले. १८०९ मध्यें पेशावर येथें काबूलच्या शहास भेटले. आणि १८११ पासून पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं रेसिडेंट झाले.

पुण्याचें प्रकरण विशेष मनन करण्याजोगें आहे. १८१५ मध्यें गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरास खून झाला. शास्त्रीबोवा इंग्रजांच्या हमीवर आले होते. म्हणून त्रिंबकजी डेंगळे यांस स्वाधीन करावें, असा एल्फिन्स्टन यांनीं हट्ट धरला. त्रिंबकजी ठाण्याच्या कैदेंतून निसटले, तेढ वाढली, आणि जून १८१७ च्या तहानें पेशव्यांस किल्ले व मुलूख सोडावे लागले. ५ नोव्हेंबर रोजीं खडकीस लढाई जुंपली. त्याच दिवशीं संगमावरील रेसिडेन्सी जळाली व साहेबांचा ग्रंथसंग्रहही तींत गेला. दुसऱ्या वर्षीं पेशवाई बुडाली. कालचा वकील आज त्याच मुलखाचा कारभारी झाला, आणि १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर!

१८२१ मध्यें पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, ती त्यांच्याच अमदानींत. गव्हर्नर-जनरलचें पद त्यांनीं दोनदां नाकारलें. १८५९ मध्यें ते वारले. म्हणजे काळ्या चबुतऱ्यावरील प्रसंगाच्या वेळीं ते विलायतेंत हयात होते.

विद्येवरील त्यांचें प्रेम खरें, आणि एक राज्य त्यांच्या हातून लयास गेलें, हेंही खरें. विद्यार्थ्यांनीं चरित्र वाचतांना दोन्ही बाजू तोलाव्या. लढाई एका दिवसांत संपते. पण तहांतील एखादें कलम पिढ्यान्‌पिढ्या भोंवतें. क्रांती चौकांतून जातांना एवढें स्मरण ठेविलें, तरी आमच्या लेखाचें सार्थक झालें.